कार ऑडिओसाठी पॉवर वायर किती जाड असावी: एका सेडानचे प्रकरण

प्रकरण पुण्यातील एका पेट्रोल सेडानचे आहे. गाडीची बॅटरी बोनेटखाली आहे आणि मालकाने नंतर बसवून घेतलेले दोन ॲम्प्लिफायर मागे डिकीत आहेत. त्यांपैकी एक चार चॅनेलचा, क्लास एबी प्रकारचा, चार ओहमवर प्रत्येक चॅनेलला ६० वॉट आरएमएस, म्हणजे सलग देता येणारी शक्ती, देणारा आहे. दुसरा एकाच चॅनेलचा, क्लास डी प्रकारचा, दोन ओहमवर ५०० वॉट आरएमएस देणारा असून तो सबवूफर, म्हणजे खालच्या सुरांचा (बासचा) मोठा स्पीकर, चालवतो. दोन्ही बसवताना '१५०० वॉट, ४ गेज' (गेज म्हणजे वायरच्या जाडीचे माप) असे छापलेले तयार वायरिंग किट वापरले गेले होते. त्या किटमधली लाल वायर बॅटरीपासून डिकीपर्यंत सुमारे ५.२ मीटर धावते, थेट सबवूफरच्या ॲम्प्लिफायरच्या टर्मिनलमध्ये शिरते आणि तिथूनच एक तुकडा दुसऱ्या ॲम्प्लिफायरला दिलेला होता.

तक्रारी तीन होत्या, म्हणजे मालकाच्या लेखी दोनच. सबवूफरचा ठोका पडला की हेडलाइट क्षणभर मंदावत. गाडी सिग्नलला उभी, एसी चालू आणि आवाज चढवलेला असेल, तर सबवूफरचा ॲम्प्लिफायर काही वेळाने 'प्रोटेक्ट'चा लाल दिवा लावून गप्प होई आणि बंद करून पुन्हा चालू केला की काही घडलेच नाही अशा थाटात वाजू लागे. तिसरी गोष्ट बोनेट उघडल्यावर दिसली: फ्यूज होल्डरचे पारदर्शक झाकण एका टोकाला पिवळट तपकिरी पडून किंचित वाकले होते. तिन्हींपैकी खरी काळजीची बाब हीच होती, कारण हेडलाइट मंदावल्याने फार तर डोळ्यांना त्रास होतो, वितळत चाललेल्या फ्यूज होल्डरमुळे मात्र गाडी पेटू शकते.

ज्या दुकानात काम झाले होते तिथे "साहेब, एक फॅरडचा कपॅसिटर टाका, नाही जमलं तर बॅटरी मोठी करू" असा सल्ला मिळाला होता, आणि मालक माझ्याकडे विचारायला आला होता तो कपॅसिटर कोणता घ्यावा एवढेच. वायरबद्दल त्याला शंकाच नव्हती. ती बोटाएवढी जाड दिसत होती आणि तिच्यावर ४ गेज असे छापलेले होते.

कपॅसिटरचा प्रश्न आधी निकालात काढणे सोपे होते. एक फॅरडचा कपॅसिटर १३.८ व्होल्टवरून १२.८ व्होल्टवर उतरताना सुमारे १३ ज्यूल ऊर्जा देतो. ॲम्प्लिफायर त्या क्षणी १००० वॉट ओढत असतील तर ही ऊर्जा १३ मिलिसेकंदांत संपते, आणि ५० हर्ट्झच्या बासचे एकच आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते. म्हणजे हा नळकांडीएवढा, निळे आकडे दाखवणारा कपॅसिटर बासचा एक पूर्ण हेलकावाही सांभाळत नाही, आणि त्यानंतर त्याला पुन्हा भरण्यासाठी लागणारा प्रवाहही त्याच वायरमधून यायचा असतो.

मोजमाप

अंदाजाने वायर बदलण्यापेक्षा आधी व्होल्टेज कुठे हरवते आहे ते पाहायचे ठरले. स्पीकर काढून त्यांच्या जागी योग्य रोधाचे, भरपूर वॉटचे डमी लोड जोडले, क्रॉसओव्हर, म्हणजे वरचे-खालचे सूर वेगळे करणारे फिल्टर, बंद केले, ५० हर्ट्झचा सलग टोन लावला आणि आवाज विकृती सुरू होण्याच्या जरा खाली ठेवला. इंजिन सुमारे १५०० फेऱ्यांवर स्थिर ठेवले. प्रवाह मोजण्यासाठी डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर घेतला. घरच्या वायरिंगसाठी वापरला जाणारा, फक्त एसी मोजणारा क्लॅम्प मीटर या कामी निरुपयोगी असतो, आणि तो लावून 'प्रवाह काहीच नाही' असे सांगणारे महाभागही भेटतात.

व्होल्टेजची घट मोजण्याची रीत इथे महत्त्वाची आहे. बॅटरीवर एकदा आणि ॲम्प्लिफायरवर एकदा असे दोन वेगळे आकडे घेऊन वजाबाकी करण्यापेक्षा मल्टिमीटरचे एक टोक थेट बॅटरीच्या शिशाच्या खांबावर आणि दुसरे, लांब वायर जोडून, ॲम्प्लिफायरच्या टर्मिनलवर ठेवले की मीटर घटच दाखवतो. मीटरच्या वायरमधून प्रवाह जवळजवळ जात नसल्याने ही जोडवायर कितीही बारीक असली तरी चालते. याच पद्धतीने पुढे फ्यूज होल्डरच्या दोन बाजूंना, आणि ॲम्प्लिफायरच्या निगेटिव्ह टर्मिनलपासून बॅटरीच्या निगेटिव्ह खांबापर्यंत, असे एकेक टप्पे मोजता येतात.

क्लॅम्प मीटरने ६२ अँपिअर दाखवले. बॅटरीच्या खांबांवर १३.३ व्होल्ट होते आणि ॲम्प्लिफायरच्या टर्मिनलांवर ११.९ च्या आसपास. मधल्या वाटेत १.४२ व्होल्ट खर्च होत होते. टप्प्याटप्प्याने मोजल्यावर त्याची विभागणी अशी निघाली: लाल वायरमध्ये ०.६९ व्होल्ट, फ्यूज होल्डर आणि बॅटरीकडच्या थिंबलमध्ये (वायरच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कडीमध्ये) मिळून ०.३१ व्होल्ट, आणि परतीच्या म्हणजे अर्थच्या वाटेवर, गाडीच्या बॉडीतून, ०.४२ व्होल्ट.

या आकड्यांचा अर्थ उष्णतेच्या भाषेत लावला की वाकलेल्या झाकणाचे कोडे सुटते. ६२ अँपिअरला ०.३१ व्होल्ट म्हणजे फ्यूज होल्डरपाशी सुमारे १९ वॉट उष्णता, आणि ती सगळी प्लॅस्टिकच्या एका छोट्या डबीत, तीही इंजिनशेजारी. वायरमध्ये ४३ वॉट खर्च होत होते, पण ते सव्वापाच मीटरवर पसरलेले असल्याने हाताला वायर फक्त कोमट लागत होती. अर्थच्या वाटेवर २६ वॉट. एकूण ८८ वॉट ॲम्प्लिफायरपर्यंत पोहोचण्याआधीच जिरत होते.

आवाजाच्या बाबतीत मात्र अतिशयोक्ती टाळायला हवी. ज्या ॲम्प्लिफायरचा अंतर्गत पुरवठा अनियंत्रित असतो त्याची कमाल शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, १३.८ ऐवजी ११.९ व्होल्ट मिळाले तर ती सुमारे पाव हिश्श्याने घटते, आणि हे नुकसान डेसिबलमध्ये अवघे १.३ भरते. एवढा फरक गाडीत बसलेल्या माणसाला जेमतेम जाणवेल. 'जाड वायर टाकली आणि बास दुप्पट झाला' असे जे ऐकू येते त्यात बराच भाग हौसेचा असतो. खरे दुखणे वेगळे आहे. गाडी उभी असताना, एसी आणि हेडलाइट चालू असताना बॅटरीच्या खांबांवरचे व्होल्टेज १२.२ पर्यंत उतरत होते. त्यातून ७० अँपिअरच्या ठोक्याला १.६ व्होल्ट वाटेत गेले की ॲम्प्लिफायरला १०.६ उरत. अनेक ॲम्प्लिफायरची कमी व्होल्टेजची मर्यादा १० ते १०.५ व्होल्टच्या आसपास असते. थोडा अधिक जोराचा ठोका ती ओलांडायला पुरेसा होता, आणि प्रोटेक्टचा दिवा लागण्याचे कारण तेच होते.

वायर सोलल्यावर

५.२ मीटर लांबीच्या खऱ्या ४ गेज तांब्याच्या वायरचा रोध सुमारे ४.२ मिलिओहम असायला हवा. मोजलेल्या घटीवरून तो ११ मिलिओहम निघत होता. एवढी तफावत जोडणीच्या दोषाने येत नाही, म्हणून डिकीकडच्या टोकाचा तुकडा कापून सोलला.

बाहेरचे मऊ, अर्धपारदर्शक प्लॅस्टिक अपेक्षेपेक्षा बरेच जाड निघाले. आतल्या तारा तांबूस दिसत होत्या, पण ब्लेडच्या धारेने एक तार हलकेच खरवडली की तांबूस थर निघून खाली चांदीसारखा पांढरा धातू उघडा पडत होता. हे तांब्याचा पातळ मुलामा दिलेले ॲल्युमिनियम, म्हणजे बाजारात ज्याला सीसीए म्हणतात ते. तारा मोजल्या तर सुमारे २६० भरल्या आणि मायक्रोमीटरने एकेकीचा व्यास ०.२५ मिलिमीटर आला, म्हणजे धातूचा एकूण काटछेद १२.८ चौरस मिलिमीटर. खऱ्या ४ गेजचा काटछेद २१.१५ चौरस मिलिमीटर असतो. वजनानेही तेच सांगितले: सोललेल्या वायरचे वजन मीटरला ४३ ग्रॅमच्या आसपास भरत होते, तर ४ गेज तांबे मीटरला सुमारे १९० ग्रॅम भरते. ब्लेड आणि वजनकाटा एवढ्या दोन साधनांनी दुकानातच ही परीक्षा करता येते, आणि दुकानदार ती करू देत नसेल तर तेही उत्तरच समजावे.

अमेरिकन गेजमध्ये आकडा जितका लहान तितकी वायर जाड. आकडा तीनने वाढला की काटछेद निम्मा होतो. ४ गेज २१.१५, ८ गेज ८.३७ आणि शून्य गेज ५३.५ चौरस मिलिमीटर. ही मापे धातूची आहेत, वरच्या प्लॅस्टिकची नव्हेत, आणि स्वस्त किटमध्ये नेमकी इथेच हातचलाखी होते. मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची विद्युतवाहकता तांब्याच्या सुमारे ६३ टक्के असते. त्यामुळे कमी काटछेद आणि कमी वाहकता या दोन्हींचा हिशेब एकत्र केला की या '४ गेज' वायरची बरोबरी ८ चौरस मिलिमीटर तांब्याशी, म्हणजे जेमतेम ८ गेजशी होते. छापील मापाच्या तुलनेत तिचा रोध अडीचपटीहून अधिक होता.

ॲल्युमिनियमचा दुसरा दोष फ्यूज होल्डरच्या उष्णतेमागे होता. या होल्डरमध्ये वायर स्क्रूने दाबून धरलेली होती. ॲल्युमिनियम सततच्या दाबाखाली हळूहळू सरकते, त्याच्यावर चटकन बसणारा ऑक्साइडचा थर वीज वाहत नाही, आणि गरम-थंड होण्याच्या प्रत्येक फेऱ्याने पकड सैल होत जाते. स्क्रू काढला तेव्हा त्याच्या टोकाखालच्या बऱ्याच तारा तुटलेल्या आणि काळवंडलेल्या होत्या.

किती अँपिअर, किती मीटर, किती घट

दुकानात पहिला प्रश्न विचारला जातो तो 'किती वॉट?' आणि त्याचे उत्तर म्हणून खोक्यावरचा सर्वांत मोठा आकडा सांगितला जातो. वायरसाठी उपयोगाचा आकडा आरएमएस वॉटचा आहे, आणि तोही थेट नाही. ॲम्प्लिफायर जेवढे देतो त्याहून जास्त ओढतो. क्लास एबीची कार्यक्षमता पूर्ण शक्तीला ६० टक्के धरली तर चार चॅनेलचा ॲम्प्लिफायर २४० वॉट देण्यासाठी ४०० वॉट ओढेल. क्लास डीची ८० टक्के धरली तर ५०० वॉटसाठी ६२५ वॉट. एकूण १०२५ वॉट, भागिले १३.८ व्होल्ट, म्हणजे जवळपास ७५ अँपिअर. मोजणीत ६२ आले होते ते आवाज विकृतीच्या खाली ठेवल्यामुळे आणि व्होल्टेजच कमी पडत असल्यामुळे. ॲम्प्लिफायरवरच्या फ्यूजांची बेरीज हा या हिशेबाचा वरचा पडताळा: सबवूफरच्या ॲम्प्लिफायरला ३० अँपिअरचे दोन आणि दुसऱ्याला २० चे दोन, एकूण १००. खरी गरज या बेरजेच्या आतच असते.

घरातला दोन हजार वॉटचा गीझर जेमतेम ९ अँपिअर घेतो आणि त्याला ४ चौरस मिलिमीटरची वायर निर्धास्त पुरते, म्हणून हजार वॉटच्या गाण्यासाठी त्याच्या सहापट जाड तांबे कशाला, असा प्रश्न मालकाने विचारला आणि तो अगदी रास्त होता. २३० व्होल्टवर अर्धा व्होल्ट हरवला तर कुणाच्या लक्षातही येत नाही, १३.८ व्होल्टवर तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह जवळपास सतरापट लागतो आणि तोच अर्धा व्होल्ट एकूण पुरवठ्याच्या साडेतीन टक्क्यांहून अधिक असतो.

आणखी एक शंका अशी की संगीतात सरासरी प्रवाह पूर्ण टोनच्या एक तृतीयांशही नसतो, मग हिशेब ७५ अँपिअरचा का करावा? याचे उत्तर असे की वायरला दोन वेगळ्या परीक्षा द्याव्या लागतात. वायर तापते ती सरासरीवर, म्हणून उष्णतेच्या बाजूने संगीत तिच्यावर मेहेरबान असते. पण व्होल्टेज पडते ते त्या-त्या क्षणीच्या प्रवाहावर, आणि बासचा ठोका पडतो त्या क्षणी प्रवाह पूर्णच असतो. लांब वायरमध्ये घटीची परीक्षा आधी नापास करते, आखूड वायरमध्ये तापण्याची. हाच ॲम्प्लिफायर हॅचबॅकमध्ये बॅटरीपासून साडेतीन मीटरवर असता तर १६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घटीच्या हिशेबात उत्तीर्ण झाली असती, पण १०० अँपिअरच्या फ्यूजमागे तिला ठेवता आले नसते.

कार ऑडिओच्या कामात जाण्या-येण्याची मिळून घट अर्ध्या व्होल्टच्या आत ठेवण्याचा प्रघात आहे. या प्रकरणात त्यातले ०.३० व्होल्ट लाल वायरला आणि उरलेले ०.२० फ्यूज, जोडण्या आणि अर्थ यांना वाटून दिले. तांब्याची एक मीटर लांब, एक चौरस मिलिमीटर जाड तार १७.२ मिलिओहम रोध देते. लांबी आणि प्रवाह यांच्याशी या आकड्याचा गुणाकार करून काटछेदाने भागले की घट मिळते. उलट दिशेने सोडवले तर ७५ अँपिअर आणि ५.२ मीटरसाठी २२.४ चौरस मिलिमीटर तांबे लागते. म्हणजे खरे, प्रामाणिक ४ गेजही इथे किंचित अपुरे पडते, तर २५ चौरस मिलिमीटरची वायर ०.२७ व्होल्टवर थांबते. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्क्याने वाढतो. बोनेटखालची उष्णता आणि मे महिन्यात उन्हात उभी केलेली गाडी यांचा विचार करून वायरचे सरासरी तापमान ५० अंश धरले की हेच ०.२७ व्होल्ट ०.३० होतात. हिशेब काठावर बसला, पण बसला.

पुढे कधी सबवूफरचा ॲम्प्लिफायर १००० वॉटचा घेण्याचा विचार असल्याने आताच ५० चौरस मिलिमीटर टाकावी का, असा मालकाचा प्रश्न होता. मी नको म्हटले. एवढी वायर फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्याच्या, उपलब्ध छिद्रातून रबरी ग्रोमेटसह नेणे, दरवाजाच्या पट्टीखाली वळवणे आणि तिला साजेसे थिंबल दाबणे यांचा खर्च या यंत्रणेच्या गरजेशी जुळत नव्हता, आणि त्या वाढीव शक्तीच्या वाटेत वायरच्या आधी दुसराच अडसर होता. तो पुढे येईलच.

बाजारातली निवड

तीन पर्याय समोर होते: नामांकित कंपनीचे ओएफसी किट, पॅनेल वायरिंगची २५ चौरस मिलिमीटरची मऊ पीव्हीसी वायर, आणि तांब्याची वेल्डिंग केबल. ओएफसी म्हणजे ऑक्सिजनमुक्त तांबे हे शब्द ऐकायला भारदस्त आहेत, पण साध्या विद्युत-तांब्याच्या तुलनेत त्याची वाहकता जेमतेम एखाद्या टक्क्याने जास्त असते. या बाजारात त्या तीन अक्षरांचा खरा उपयोग 'हे सीसीए नाही' एवढे सांगण्यापुरता आहे. आणि ज्याला २५ चौरस मिलिमीटर हवे आहे त्याला गेजच्या भाषेतल्या किटमध्ये २१ किंवा ३३ यांपैकीच निवडावे लागते.

पुण्यातल्या तापकीर गल्लीत वायर चौरस मिलिमीटरवर विकली जाते, आणि आयएस मानकाचा छाप असलेल्या वायरवर काटछेद लिहिलेला असतो तो धातूचाच. आयएस ६९४ प्रमाणित साध्या पीव्हीसी वायरचे आवरण वाहकाच्या ७० अंशांपर्यंतच्या तापमानासाठी असते. गाडीच्या आतल्या भागात ते पुरेसे आहे, इंजिनशेजारी मला ते पुरेसे वाटत नाही. म्हणून उष्णता आणि तेल सहन करणाऱ्या रबरी आवरणाची, ज्याला दुकानदार एचओएफआर म्हणतात ती, २५ चौरस मिलिमीटरची वेल्डिंग केबल घेतली. तिच्या तारा बारीक आणि पुष्कळ असल्याने ती सहज वळते. घेताना एक खबरदारी आवश्यक होती: वेल्डिंग केबल ॲल्युमिनियमचीही बनते आणि आयएस ९८५७ या मानकात दोन्ही प्रकार येतात, त्यामुळे नुसता मानकाचा छाप पाहून भागत नाही; 'कॉपर' लिहिलेले हवे, आणि पुन्हा एकदा ब्लेडने खरवडून पाहणे उत्तम. रंग काळा असल्याने दोन्ही टोकांना आणि बोनेटखालच्या संपूर्ण लांबीवर लाल हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळून बसणारी नळी) चढवले, जेणेकरून पुढच्या मेकॅनिकला ती अर्थची वायर वाटू नये.

फ्यूज

जुन्या किटमध्ये १०० अँपिअरचा एएनएल, म्हणजे मोठ्या प्रवाहासाठीचा पट्टीसारखा, फ्यूज होता, आणि बसवणाऱ्याचे म्हणणे असे की ॲम्प्लिफायरच्या फ्यूजांची बेरीज १०० होते म्हणून तो बरोबर आहे. ही समजूत सर्रास आढळते आणि ती धोकादायक आहे. ॲम्प्लिफायरला स्वतःचे फ्यूज असतात. बॅटरीपाशी बसवलेला फ्यूज वायरसाठी असतो. ८ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तोडीची ती वायर गालिच्याखाली, दाबलेल्या अवस्थेत ५० ते ६० अँपिअरपलीकडे सलग चालवणे योग्य नव्हते. १०० अँपिअरला तिच्यात दर मीटरला २१ वॉट, म्हणजे पूर्ण लांबीत ११० वॉटच्या वर उष्णता निर्माण झाली असती आणि फ्यूजने काहीच केले नसते.

वायर थेट बॉडीला पूर्ण टेकली तर बॅटरी शेकडो अँपिअर देते आणि कोणताही फ्यूज तत्काळ उडतो, त्यामुळे त्या अपघाताची भीती उलट कमीच. भीती असते ती अर्धवट शॉर्टची. फायरवॉलच्या पत्र्यावर घासून आवरण कातरले गेले, पाणी आणि गंज यांतून ९०-११० अँपिअर झिरपू लागले, तर १०० चा फ्यूज ते बराच वेळ निमूटपणे वाहू देतो, कारण आपल्या आकड्याहून थोडा जास्त प्रवाह एएनएल फ्यूज पुष्कळ वेळ सहन करतो. तेवढ्या वेळात बारीक वायरचे आवरण मऊ पडते.

नव्या वायरसाठी फ्यूज १०० चाच ठेवला, पण आता तो वायरला शोभणारा होता: एचओएफआर आवरणातले २५ चौरस मिलिमीटर तांबे बोनेटखालच्या उष्णतेतही सुमारे १०० अँपिअर सोसते. जुना होल्डर बॅटरीपासून जवळपास एक मीटरवर, फायरवॉलपाशी होता. बॅटरी ते फ्यूज हा तुकडा कुणाच्याच संरक्षणात नसतो, म्हणून नवा होल्डर ४५ सेंटिमीटरच्या आत, बॅटरीच्या ट्रेला लागून बसवला. त्यात वायर स्क्रूखाली दाबली जात नाही. थिंबल नटबोल्टने आवळले जाते.

डिकीत एका वायरच्या दोन शाखा करणारा, दोन फ्यूजांचा डिस्ट्रिब्यूशन ब्लॉक लावला. तिथून सबवूफरच्या ॲम्प्लिफायरला ६० अँपिअरच्या फ्यूजमागून १६ चौरस मिलिमीटर आणि दुसऱ्याला ४० च्या फ्यूजमागून १० चौरस मिलिमीटर, दोन्ही वायर अर्ध्या मीटरहून आखूड. वायर जिथे बारीक होते तिथे नवा फ्यूज यायलाच हवा. शिवाय ॲम्प्लिफायरच्या टर्मिनलांची तोंडे ४ गेजपर्यंतच होती आणि २५ ची वायर त्यात तारा कातरल्याशिवाय शिरली नसती; तोही प्रश्न या ब्लॉकमुळे सुटला.

अर्थ

परतीच्या वाटेवरच्या ०.४२ व्होल्टपैकी बॉडीचा पत्रा आणि कंपनीची बॅटरी-अर्थ पट्टी मिळून फक्त ०.०६ व्होल्ट घेत होती. ०.१२ व्होल्ट किटमधल्या नव्वद सेंटिमीटरच्या काळ्या वायरमध्ये, आणि तब्बल ०.२४ व्होल्ट एका बोल्टखाली जात होते. तो बोल्ट मागच्या सीटबेल्टचा होता. त्याखाली थिंबल रंगावरच ठेवून आवळलेले होते. संपर्क होत होता तो बोल्टच्या आट्यांमधून जेवढा होईल तेवढाच. सीटबेल्टच्या बोल्टखाली काहीही घालू नये हा विजेचा मुद्दा नाही, जिवाचा आहे: त्याची पकड आणि आवळण ठरावीक असते आणि मध्ये आलेले मऊ थिंबल ती बदलते.

तो बोल्ट मोकळा करून पूर्ववत आवळला. ॲम्प्लिफायरपासून ४० सेंटिमीटरवर डिकीच्या जाड पत्र्यात, खाली पेट्रोलची टाकी किंवा ब्रेकची नळी नाही याची खात्री करून, स्वतंत्र भोक पाडले. थिंबलच्या आकाराएवढा रंग खरवडून चकाकता पत्रा उघडा केला, दातेरी वॉशर घालून ८ मिलिमीटरच्या नटबोल्टने आवळले आणि मग वरून गंजरोधक रंग मारला. वायर २५ चौरस मिलिमीटरचीच. अर्थची वायर पॉवरच्या वायरपेक्षा बारीक चालते हा समज अजून टिकून आहे. जेवढा प्रवाह लालमधून येतो तेवढाच काळ्यातून परत जातो.

सर्व थिंबले षटकोनी डायच्या क्रिंपिंग मशीनने दाबून घेतली. हातोडीने चेपलेले थिंबल दिसायला तसेच दिसते, पण आत पोकळी राहते. पॉवरची वायर डाव्या दरवाजाच्या पट्टीखालून आणि सिग्नलच्या आरसीए वायर उजव्या बाजूने नेल्या.

बदलानंतर

त्याच डमी लोडवर, त्याच टोनवर पुन्हा मोजले तेव्हा प्रवाह ६४ अँपिअर होता आणि एकूण घट ०.४५ व्होल्ट: वायरमध्ये ०.२४, फ्यूज होल्डर आणि थिंबलांत ०.०५, डिस्ट्रिब्यूशन ब्लॉक आणि पुढच्या आखूड वायरमध्ये ०.०६, अर्थच्या वाटेवर ०.१०. वाटेत जिरणारी शक्ती ८८ वॉटवरून २९ वॉटवर आली. फ्यूज होल्डर अर्ध्या तासाच्या सलग वापरानंतरही इंजिनच्या उष्णतेपलीकडे तापत नव्हता. उभ्या गाडीत, एसी आणि हेडलाइट चालू ठेवून ॲम्प्लिफायरवर ११.७ व्होल्ट मिळू लागले आणि प्रोटेक्टचा दिवा लागणे थांबले.

हेडलाइटचे मंदावणे मात्र पूर्णपणे गेले नाही, आणि ते जाणार नाही हे मालकाला आधीच सांगितले होते. हेडलाइटला वीज बॅटरीच्या खांबांवरून मिळते. ॲम्प्लिफायरची वायर जाड केल्याने त्या खांबांवरचे व्होल्टेज वाढण्याचे काही कारण नाही. अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर चालणारे वीजजनित्र, जोवर एकूण मागणी पुरवतो तोवर तिथे १४ व्होल्टच्या आसपास असतात. मागणी त्याच्या पलीकडे गेली की उरलेला प्रवाह बॅटरी देऊ लागते आणि व्होल्टेज तिच्या पातळीला, म्हणजे साडेबाराच्या खाली उतरते. या उतारालाच आपण दिवे मंदावणे म्हणतो. या गाडीचा अल्टरनेटर ८० अँपिअरचा आहे, पण तो आकडा वेगात फिरणाऱ्या इंजिनाचा. उभ्या गाडीत तो त्याच्या जवळपास निम्मेच देऊ शकतो, आणि हेडलाइट, एसीचा ब्लोअर, रेडिएटरचा पंखा, पेट्रोल पंप आणि इंजिनचा संगणक मिळून त्यातले बहुतेक आधीच घेतात. महामार्गावर, इंजिन वेगात असताना, मंदावणे आता क्वचितच दिसते. सिग्नलला ते दिसते.

१००० वॉटच्या नव्या ॲम्प्लिफायरच्या वाटेतला अडसर तो हाच. त्या यंत्रणेला पूर्ण शक्तीला १२० अँपिअर लागतील. २५ चौरस मिलिमीटरमध्ये एकट्या लाल वायरची घट ०.४३ व्होल्टवर जाईल आणि १०० चा फ्यूजही अपुरा पडेल, तेव्हा वायर ५० ची करावीच लागेल. पण ८० अँपिअरच्या अल्टरनेटरमागे ती कितीही जाड टाकली तरी मधली तूट बॅटरीतूनच निघणार, म्हणून मालकाला क्रम असा लिहून दिला: आधी जास्त क्षमतेचा अल्टरनेटर, त्याच्यापासून बॅटरीपर्यंतची आणि इंजिन ते बॉडी व बॉडी ते बॅटरी या अर्थच्या वायर जाड, त्यानंतर ५० चौरस मिलिमीटरची वायर तिच्या स्वतःच्या फ्यूजसह, आणि ॲम्प्लिफायर सगळ्यात शेवटी.